तीन कपाटं, एक किल्ली

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढचं ऐकल्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. लाकडी कपाटांच्या कारखान्यात तो दारांना बिजागऱ्या बसवायचा. दार असं लावायचा की एका बोटाने ढकललं तरी आवाज न करता मिटावं. आणि डोक्यात सदानकदा गणित. शाळेत शिकवतात ते नव्हे, त्यात तर तो दोनदा नापास झाला होता. याचं गणित रस्त्यावर पडलेलं असायचं आणि हा ते वेचत चालायचा.

रेडिओवर गाणं लागलं की नायक म्हणणार, लाखात एक माझी राणी. हा लगेच म्हणणार, म्हणजे आपल्या शहरात हिच्यासारख्या वीसजणी निघाल्या की! बायको हातातलं फडकं फेकून मारायची. बसथांब्यावर उभा राहिला की शेजारच्या अनोळखी माणसाला पकडायचा. बस ठरल्या वेळाने सुटतात म्हणतात, मग आपल्यालाच नेहमी जास्त का थांबावं लागतं सांगा? तर म्हणे, दोन बसमधला मोकळा वेळ जितका लांब, तितकी जास्त माणसं त्यात येऊन अडकतात. आपण बहुतेक वेळा त्या अडकलेल्यांतलेच. समोरचा मान डोलवायचा आणि हळूच दोन पावलं लांब सरकायचा. एकदा पॉलिश विभागात त्याने पैज लावली, इथे जेवढे उभे आहात त्यात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला निघणार. जेमतेम पंचवीस-तीस माणसं. सगळे खो खो हसले. मग निघाले की दोघे! त्या दिवसापासून कारखान्यात त्याचं नाव पडलं गणिती. त्याच्या खऱ्या नावाने त्याला फक्त पगाराच्या खिडकीवरचा माणूस ओळखत असेल.

हे सगळं मजेचं होतं. घर मात्र मजेचं नव्हतं. कारखान्याच्या मागच्या बाजूला कामगारांच्या खोल्यांची एक रांग होती, अर्धी जमिनीच्या खाली. खिडकी होती, पण तिच्यातून फक्त लोकांच्या चपला दिसायच्या. भिंती बारा महिने ओल्या. त्याच्या बायकोला दमा. ती घरी बसून एका शिंप्यासाठी काजं-बटणं करायची आणि मधेच सुई ठेवून छातीवर हात दाबून बसायची. पलीकडच्या खोलीत पॅकिंगमध्ये काम करणारी एक बाई राहायची, नवरा गेलेला, पदरात एक मुलगी. ती मुलगी खोकायला लागली की इकडे भांड्यांवरची झाकणं हलतात, असं बायको म्हणायची. भिंत तशी नावालाच होती. डॉक्टरांनी बायकोला आणि त्या मुलीलाही एकच औषध सांगितलं होतं, आणि ते दुकानात मिळत नव्हतं. कोरडी जागा आणि ऊन.

आणि असली जागा डोळ्यांसमोर होती, हेच तर दुखणं. कार्यालयाच्या वर दुसऱ्या मजल्यावर कंपनीचं घर होतं, दोन खोल्या, दोन्हीकडून ऊन. जुना हिशेबनीस तिथे राहायचा, तो निवृत्त झाला आणि घर रिकामं पडलं. सगळ्यांनी मालकाकडे खेटे घातले. मालक गोड बोलणारा माणूस, कुणालाच नाही म्हणाला नाही आणि कुणाला दिलंही नाही. त्याचे पाहुणे-रावळे आले की त्यांची बॅग मात्र तिथे चढायची.

त्या सुमारास टीव्हीवर एक खेळ फार गाजत होता. तीन दारं, एकामागे गाडी, दोनांमागे काहीच नाही. स्पर्धक एक दार निवडतो. मग सूत्रधार उरलेल्या दोनांपैकी एक रिकामं दार उघडून दाखवतो आणि विचारतो, पहिल्यालाच चिकटून राहणार की बदलणार? सगळा कारखाना दुसऱ्या दिवशी त्यावरच बोलायचा. बहुतेकांचं म्हणणं, आता दोनच दारं उरली, फरक काय पडतो, निम्मं-निम्मं. गणितीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. तो जेवणाच्या सुट्टीत तीन पेले उपडे मांडायचा आणि एकाखाली बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं बटण लपवायचा. ठेव बोट, म्हणायचा. पहिल्या फटक्यात तुझं बोट बरोबर पेल्यावर पडण्याची आशा तीनात एक. म्हणजे बटण दुसरीकडे असण्याची आशा तीनात दोन. त्या दुसरीकडच्यातला रिकामा पेला मी उचलून टाकला, की ती दोन-तृतीयांश आशा उरलेल्या एकाच पेल्यात जाऊन बसते. म्हणून बदलायचं. नेहमी बदलायचं. डबे बाजूला सारून लोक खेळायचे, आणि खरंच, बदलणारेच जास्त जिंकायचे. एकदा मालकही खुर्ची ओढून बसला, दोन-तीन डाव पाहिले, हसला, वाहवा म्हणाला आणि गेला.

पुढच्या वार्षिक मेळाव्यात मालकाने जाहीर केलं की या वर्षी बक्षीस म्हणून ते वरचं घर द्यायचं. चिठ्ठ्या टाकायच्या, एकाचं नाव काढायचं, आणि त्याने टीव्हीसारखा खेळ खेळायचा. मंचावर आपल्याच कारखान्याची तीन कपाटं उभी केली होती. एकात घराची किल्ली, दोन रिकामी. नाव निघालं गणितीचं. लोकांनी बाकं बडवली. अरे, दारं तूच बसवलीस, तुला काय कठीण, असं कुणीतरी ओरडलं.

त्याने डावीकडचं कपाट निवडलं. मालकाने हात वर केला, थांबा म्हणाला, आणि उजवीकडचं उघडून दाखवलं. रिकामं. मग माइक त्याच्या तोंडापुढे धरला, आता काय? तेच ठेवणार की बदलणार? तिसऱ्या रांगेत बायको बसली होती. ती मान हलवत होती, नको, नको. पण गणितीला एवढा मोठा वर्ग आयुष्यात कधी मिळाला नव्हता! त्याने माइक हातात घेतला आणि तीनशे माणसांना दोन-तृतीयांश समजावून सांगितलं, अगदी मास्तरांसारखं, बोटं दाखवून. टाळ्या पडल्या. मग तो म्हणाला, बदलतो. मधलं कपाट उघडलं, तर आत खुंटीशिवाय काही नाही. डावीकडचं उघडलं, तर तिथे लाल फितीला बांधलेली किल्ली. सभागृह असं हसलं की छपराचे पत्रे थरथरले. मालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाला, गणित बरोबर होतं हो, नशीब चुकलं. घर पुढच्या वर्षीच्या मेळाव्यासाठी राखून ठेवलं.

ते वाक्य गणितीने वर्षभर घोळवलं. गणित बरोबर होतं, नशीब चुकलं. त्याला दुसरा आधारच नव्हता. कारखान्यात त्याचं जुनं नाव गेलं आणि दोन-तृतीयांश हे नवं आलं. काय दोन-तृतीयांश, जेवलात का? पूर्ण की दोन-तृतीयांश? कुणी उजवीकडे वळायला लागला की दुसरा ओरडणार, अरे बदल, बदल! दात विचकायला लोकांना निमित्त लागतं, आणि हे तर आयतंच मिळालं. तो वरवर हसायचा. घरी आला की बायकोला पुन्हा पुन्हा सांगायचा, अगं, हजार वेळा खेळलो असतो तर साडेसहाशेच्या वर घरं आपली झाली असती.

बायको एकदा सुई थांबवून म्हणाली, "मला हजार नको होती. एक हवं होतं."

त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. तिचा दमा मात्र बोलायचा. भिंतीला पाठ लावून ती बसल्या बसल्या झोपायची, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. तो जागा राहायचा आणि मनाशी म्हणायचा, माझी चूक नाही, माझी चूक नाही.

त्याच्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस उरलं होतं, शेजारची पॅकिंगवाली. तिने त्याला कधी दोन-तृतीयांश म्हटलं नाही, ती त्याला दादाच म्हणायची. जेवणाच्या सुट्टीत सगळे खिदळत लांब जाऊन बसले तरी ती समोर येऊन बसायची, दादा, मांडा पेले. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. पेले मांडले, बटण लपवलं, ती बोट ठेवायची, तो रिकामा पेला उचलायचा, ती बदलायची. जिंकली की लहान पोरीसारखी हसायची. महिनाभरात तिच्या डोक्यात ते पक्कं बसलं. दादा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं हो, ती एकदा म्हणाली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सख्ख्या बहिणीनेही एवढा आधार दिला नसता.

वर्ष फिरलं. मेळावा पुन्हा भरला, तेच सभागृह, तीच तीन कपाटं, नवं पॉलिश मारलेली. मालक म्हणाला, लोकांना खेळ आवडला, म्हणून या खेपेला दोन नावं काढू, आधी एक खेळेल, तो हरला तर दुसरा. पहिलं नाव निघालं ट्रक भरणाऱ्या एका गड्याचं. त्याने मधलं कपाट दाखवलं. मालक म्हणाला, "उघडा!" सुपरवायझरने ते तिथल्या तिथे उघडलं. रिकामं. गड्याच्या हातात बिस्किटांचा डबा पडला, टाळ्या झाल्या, तो खाली उतरला. झालंही.

गणिती खुर्चीत पुढे सरकला. याला का नाही विचारलं? दुसरं दार उघडून दाखवायचं, बदलणार का विचारायचं, ते राहिलंच की. घाईत विसरले असतील, असं त्याने स्वतःला समजावलं. पडदा ओढला गेला, सुपरवायझरने आत किल्लीची जागा बदलली, पडदा पुन्हा उघडला. दुसरं नाव निघालं पॅकिंगवालीचं.

ती मंचावर चढली. मुलगी पहिल्या रांगेत, गणितीच्या बायकोच्या मांडीवर. पॅकिंगवालीने उजवीकडचं कपाट दाखवलं. मालकाने हात वर केला.

"थांबा," तो म्हणाला. "घाई नको."

आणि त्याने डावीकडचं उघडून दाखवलं. रिकामं. मग गोड हसत विचारलं, ठेवणार की बदलणार?

त्या क्षणी गणितीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो उजेड बरा नव्हता. टीव्हीवरच्या सूत्रधाराला नियमच होता, निवड बरोबर असो की चूक, रिकामं दार उघडून विचारायचंच. पेल्यांच्या खेळात तो स्वतः तसंच करायचा, प्रत्येकाला, प्रत्येक वेळी. दोन-तृतीयांश उभं होतं ते त्या नियमावर. पण या मालकाला कुणी नियम घातला होता? चुकलेल्याचं कपाट तो सरळ उघडत होता. विचारत होता फक्त त्याला, ज्याने किल्लीवर बोट ठेवलं. इथे विचारणं म्हणजेच उत्तर होतं. बदललं की गेलं. तीनात दोन नाही, तीनात एक नाही, शून्य!

आणि मग मागचं वर्ष त्याच्या अंगावर आलं. त्यालाही विचारलं होतं. म्हणजे तोही किल्लीवरच होता. मालकाने पेल्यांचा खेळ बसून पाहिला होता, हा माणूस नेहमी बदलतो हे त्याला ठाऊक होतं. नशीब चुकलं नव्हतं. नशीब उलट धावून आलं होतं, आणि याने तीनशे माणसांसमोर, माइक हातात घेऊन, व्याख्यान देऊन ते परत केलं होतं. बायको मान हलवत होती ती उगाच नव्हे.

मंचावरून पॅकिंगवाली त्याच्याकडेच पाहत होती. मालकानेही ते पाहिलं. विचारा, विचारा, आपले गणिती बसलेत तिथे, तो माइकमध्ये म्हणाला, आणि लोक हसले. दुसरा माइक हातोहात रांगेतून त्याच्यापर्यंत आला.

"दादा," ती म्हणाली, "बदलू ना?"

आता बघा, किती सोपं होतं. नको बदलू. दोन शब्द! कारण सांगायची गरज नव्हती, मालकाचं बिंग फोडायची गरज नव्हती. मनात आलं म्हणून सांगितलं, असं नंतर म्हणता आलं असतं. ती वर राहायला गेली असती, पोरीला ऊन मिळालं असतं. नंतर पुष्कळ दिवस तो स्वतःला सांगत राहिला की नोकरीची भीती वाटली, मालकाने काढून टाकलं असतं. खोटं! साफ खोटं. मालक त्याच्या डोक्यातही नव्हता त्या वेळी.

त्याच्या डोक्यात होती ती पुढची घटका. हा म्हणणार, नको बदलू. कपाट उघडणार, किल्ली निघणार. आणि तीनशे माणसं वळून विचारणार, मग तू गेल्या वर्षी का रे बदललंस? बायको विचारणारही नाही, नुसती पाहील. वर्षभर तो गणित बरोबर असलेला कमनशिबी माणूस होता. त्यात निदान मान होती. आता तो नुसता मूर्ख ठरणार होता, ज्याला त्याच्याच लाडक्या गणिताने गळाला लावलं. एवढं त्याला सोसवेना. शेजारणीच्या पोरीचा खोकला त्याने वर्षभर सोसला होता, हे मात्र सोसवेना.

"बदल," तो म्हणाला. आवाज अगदी शांत, मास्तरांचा. "दोन-तृतीयांश आशा दुसरीकडे असते. बदलायचंच असतं."

तिचा चेहरा उजळला. तिने मालकाकडे वळून सांगितलं, बदलते. मधलं कपाट उघडलं. रिकामं. उजवीकडचं उघडलं, किल्ली लाल फितीला लोंबत होती. लोक हसले, पण या वेळी जरा दबकून, कारण पहिल्या रांगेतली पोर नेमकी तेव्हाच खोकायला लागली. मालक म्हणाला, गणित बरोबर होतं, नशीब चुकलं. घर पुन्हा पुढच्या वर्षासाठी राहिलं.

आणि खरं सांगायचं तर गणितीला त्या घटकेला बरं वाटलं. नुसतं हायसं नव्हे, आनंद झाला. एकच गणित मांडून दोघं हरले, म्हणजे दोष मांडणाऱ्याचा नाही, नशिबाचाच, आता कोण काय बोलणार! तो आनंद त्याला स्वतःलाच इतका ओंगळ वाटला की त्याने खाली मान घातली. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटतंय. शेजारच्याने त्याची पाठ थोपटली.

घरी येताना बायको पुढे चालली. पोरीला कडेवर घेऊन दहा पावलं चाललं की थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा चालायची. त्याने पोर माझ्याकडे दे म्हटलं, तिने दिली नाही. खोलीत आल्यावर तिने पोरीला अंथरुणावर ठेवलं, दार लोटलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"त्या गड्याचं कपाट लगेच उघडलं," ती म्हणाली. "हिला विचारलं. मला गणित येत नाही, पण मला दिसलं. तुम्हाला दिसलं नाही?"

तो बसला होता तिथून उठला, पाण्याचं भांडं उचललं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाला, एका डावावरून असं काही सिद्ध होत नाही. असं सिद्ध करायला शंभर डाव लागतात. त्याने खिडकीकडे तोंड केलं. बाहेर चपला जात होत्या.

तेवढ्यात दारावर थाप पडली. पॅकिंगवाली पोरीला न्यायला आली होती. तिचे डोळे सुजले होते, पण तिने तोंड धुतलं होतं, केस नीट केले होते. मुद्दाम, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

"दादा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "मी तर तुमच्यामुळे हिमतीने उभी राहिले. आमचंच नशीब फुटकं, तुमचं काय चुकलं त्यात?"

तिने पोरीला उचललं. झोपेतच पोरीला उबळ आली, तिने पाठीवरून हात फिरवला. बायको तिच्याकडे पाहत नव्हती, नवऱ्याकडे पाहत होती. आता तरी सांगा, असं त्या नजरेत चक्क लिहिलेलं होतं. खोलीत तीनच मोठी माणसं होती. तीनशे नव्हती, माइक नव्हता, हसणारं कुणी नव्हतं.

"पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठी टाकीन मी," पॅकिंगवाली दारातून वळून म्हणाली. "माझं निघालं किंवा वहिनींचं निघालं, तरी तुम्हालाच विचारायचं. बदलायचंच ना, दादा?"

"बदलायचंच," तो म्हणाला.